ट्रकच्या धुराची जाळी आणि तिची उष्णता

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. या डिझेल ट्रकच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाची जाळी असते. तिच्यात धुरातली काजळी अडकते. जाळी भरत आली की ती काजळी जाळावी लागते, त्याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी जादा डिझेल सोडून आतलं तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेलं जातं. वाळलेलं गवत किंवा उसाचं पाचट पेटायला याहून बरंच कमी तापमान पुरतं.

म्हणजे ही उष्णता बिघाड नाही, ते यंत्राचं कामच आहे. आपण ठरवायचं ते एवढंच, की हे काम कुठे होऊ द्यायचं. डीपीएफचा दिवा लागला की शक्यतो हायवेवर गाडी सलग चालवायची. उभ्या गाडीत करायचं असेल, तर गवत-पाचट नसलेली मोकळी जागा बघायची, माणसं लांब ठेवायची. इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ सायलेन्सरला हात लावायचा नाही.

मग काही गाड्यांत रीजनरेशन थांबवायचं बटण असतं, ते कशाला? पेट्रोलपंपावर किंवा शेतात गाडी उभी असेल तेवढ्यापुरतं. ते कायम दाबून ठेवलं, तर काजळी साठत जाते. आणि ती एकदम पेटली, की जाळीच तडकते किंवा वितळते.