बँकॉकचा निर्णय आणि पौडची किटली

सकाळी साडेसहाला आमच्या दूध संकलन केंद्रावर उभं राहिलं, की जगाच्या बातम्या फुकटात कळतात. नोव्हेंबर २०१९मधली गोष्ट. शेजारचे तात्या किटली खाली ठेवत म्हणाले, ‘‘भाई, ते न्यूझीलंडचं दूध आता येनार न्हाई म्हणत्यात. म्हंजे, ते येनार व्हतं का?’’

मी कवी माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. तात्यांना उत्तर देता आलं नाही, म्हणून घरी येऊन वाचत बसलो. जे समजलं ते आज तुम्हांला सांगतो.

आग्नेय आशियातले ‘आसियान’चे दहा देश, शिवाय चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत अशा सोळा देशांनी मिळून एक व्यापारी गट उभारायचा, असं नोव्हेंबर २०१२मध्ये ठरलं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक. वर्तमानपत्रांनी त्याचं ‘आरसेप’ करून टाकलं. एकमेकांच्या मालावरचं आयात शुल्क कमी करत न्यायचं, हा त्याचा गाभा. आयात शुल्क म्हणजे देशाच्या वेशीवरचा जकात नाका. बोलणी सात वर्षं चालली आणि ४ नोव्हेंबर २०१९ला बँकॉकमध्ये पंतप्रधानांनी सांगून टाकलं, की भारत यात नाही. उरलेल्या पंधरा देशांनी १५ नोव्हेंबर २०२०ला सह्या केल्या. १ जानेवारी २०२२पासून करार लागूही झाला.

यात पौडच्या किटलीचा काय संबंध? पावसाळा सरला, की चारा मुबलक होतो आणि दूध वाढतं. या पुष्टकाळात डेअरीकडे जास्तीचं दूध जमतं. ते साठवता येत नाही, म्हणून त्याची पावडर आणि लोणी करतात. साहजिकच पावडरीचा भाव पडला, की पाठोपाठ आमच्या दुधाचा दर पडतो. न्यूझीलंडची वस्ती पन्नास लाखांच्या आसपास, दूध मात्र अफाट. त्यातलं बहुतेक सगळं परदेशी विकलं जातं. आपल्याकडे बाहेरच्या दूध पावडरीवर साधारणपणे ६० टक्के शुल्क आहे. त्या नाक्याच्या आडोशाला दोन म्हशींवर घर चालवणारा माणूस उभा आहे.

तेव्हा आपण बाहेर पडलो, याचं मला दुःख नाही. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. सात वर्षांत दोन सरकारं झाली, पण करारात दुधाचं काय होणार, याचा मसुदा कुणी लोकांपुढे ठेवला नाही. शेती हा राज्यांचा विषय. परदेशांशी करार करणं मात्र केंद्राच्या हाती, आणि त्याला संसदेची आधी मंजुरी लागत नाही. किसान सभा आणि स्वदेशी जागरण मंच एका बाजूला दिसले, तेव्हा कुठे गावात कुजबुज झाली. बँकॉकला पंतप्रधानांनी गांधीजींच्या कसोटीचा दाखला दिला, की निर्णय घेताना सर्वांत गरीब माणसाचा चेहरा आठवा. आठवला, बरं झालं. पण तो माणूस सातही वर्षं इथेच रांगेत उभा होता. त्याला एकदा विचारायला काय हरकत होती?

न्यूझीलंडमध्ये असा करार झाला, की लागू होण्याआधी तो संसदेपुढे येतो. त्यात देशाचं हित काय, नुकसान काय, याचा अहवाल छापला जातो आणि नागरिक समितीकडे आपलं म्हणणं पाठवू शकतात. म्हणजे दूध विकणाऱ्याला बोलायची सोय आहे. ज्याच्या दुधावर संकट, त्याला नाही.

मुळशीला ही गोष्ट नवी नाही. मुंबईला वीज हवी म्हणून इथे धरण बांधायचं ठरलं, तेव्हाही मावळ्यांना कुणी विचारलं नव्हतं. १९२१मध्ये सेनापती बापटांसोबत माणसं सत्याग्रहाला बसली. धरण झालंच. विजेची गरज खोटी नव्हती. पण न विचारल्याचा सल शंभर वर्षांनंतरही गेलेला नाही.

बरं, बाहेर पडून पुढे काय केलं? चिनी मालाचा लोंढा हे बाहेर पडण्याचं एक मोठं कारण होतं. चीनशी आपली व्यापारी तूट २०१८-१९मध्ये सुमारे ५३ अब्ज डॉलर होती; २०२४-२५मध्ये ती ९९ अब्जांवर गेली. नुसतं दार लावून घर सावरत नाही. आणि मार्च २०२५मध्ये न्यूझीलंडशी वेगळ्या कराराची बोलणी सुरू झाली. डिसेंबरात करार ठरला. दूध बाहेर ठेवलंय, असं सांगण्यात आलं.

तात्यांनी पुन्हा विचारलं, ‘‘भाई, नक्की का?’’

मी म्हटलं, ‘‘पेपरात तसं आलंय, तात्या.’’

‘‘पेपरात,’’ एवढंच म्हणून त्यांनी रिकामी किटली उचलली.

माझी मागणी मोठी नाही. सही होण्याआधी करारातलं दुधाचं आणि धान्याचं पान मराठीत ग्रामसभेपुढे वाचून दाखवा. पुढच्या खेपेला तात्यांना मला नव्हे, सरकारला उत्तर देऊ द्या.