सहा तासांचा मुक्काम



ब्रिजटाउन हें नांव क्रिकेटमुळें आपल्या घरांतून परिचित झालेलें आहे. १९६२ सालीं नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या मस्तकावर चेंडूचा जीवघेणा आघात झाला तो त्या शहरीं, आणि २९ जून २०२४ रोजीं भारतीय संघानें वीस षटकांच्या सामन्यांचा विश्वचषक जिंकला तोहि तेथेंच. हें शहर ज्या बार्बाडोस बेटावर वसलें आहे, तें कॅरिबियन समुद्रांत सहलीसाठीं फिरणाऱ्या जहाजांचें एक नेहमींचें ठाणें आहे. ज्यांचीं मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, असे पुष्कळ आईबाप आतां अशा जलसफरीला जातात. जहाज सकाळीं धक्क्याला लागतें व बहुधा सायंकाळीं सुटतें. मधले सहा-सात तास काय ते आपले. एवढ्या अवधींत तेथील प्राणी बेताच्या खर्चांत कसे पाहावेत, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

हा प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला तो जहाजावरील सहलींच्या तक्त्यासमोर. आम्ही घरचीं पांच माणसें होतों. नातवानें कासव पाहण्याचा ध्यास घेतला होता. कासवांच्या सहलीचा माणशीं आकार मीं वाचला, त्याला पांचांनीं गुणलें, आणि चष्मा पुसून पुन्हां एकदां वाचला. आकडा तोच होता. तेव्हां नातवाला नाहीं म्हणावें, कीं मुलाच्या खिशाला चाट द्यावी, असा पेंच पडला.

अशा वेळीं प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, या आकारांत केवळ प्राण्याचें दर्शन नसतें. मोटार, होडी, वाटाड्या व खाणेंपिणें यांबरोबर आणखी एका गोष्टीचें मोल त्यांत धरलेलें असतें. जहाजानें स्वतः काढलेली सहल परतण्यास उशीर झाला, तर जहाज सामान्यतः तिच्यासाठीं थांबतें. आपल्या हिंमतीवर फिरावयास गेलेल्यांसाठीं तें थांबत नाहीं. म्हणजे जादा आकाराचा कांहीं भाग हा एक प्रकारचा विमाच होय. त्यावरून पहिला नियम निघतो: जें बंदराजवळ आहे तें आपलें आपण पाहावें, जें दूर आहे, त्याच्यासाठीं विम्याचे पैसे देणें अगदींच अयोग्य नव्हे.

दुसरी निवड प्राण्यांची. प्रवाशांना दाखविले जाणारे प्राणी तीन प्रकारचे असतात: कोंडलेले, खाण्याची लालूच दाखवून जमविलेले, आणि आपल्या मर्जीनें वावरणारे. जो प्राणी तुमच्या घड्याळाप्रमाणें हजर राहतो, त्याच्या हजेरीचा खर्च तुमच्याकडूनच वसूल होत असतो. कुंडांतील डॉल्फिनबरोबर पोहणें, घोरपडीसारखा इग्वाना खांद्यावर घेऊन छायाचित्र काढणें, हे प्रकार या समुद्रांतील अनेक बंदरांत चालतात. त्यांत पैसा जातो आणि मुक्या जिवाला त्रास होतो. उलट, तिसऱ्या प्रकारचा प्राणी दिसेलच अशी खात्री नसते. परंतु त्याला पाहण्यास पैसे थोडे किंवा मुळींच लागत नाहींत.

आतां प्रत्यक्ष बार्बाडोसकडे वळूं. धक्क्यापासून शहरांतून चालत गेल्यास सुमारें पाऊण तासांत कार्लाइल उपसागराचा चंद्राकार किनारा लागतो. बेटावरील सर्व किनारे जनतेला खुले असल्यामुळें तेथें प्रवेशमूल्य नाहीं. उथळ पाण्यांत कांहीं जुन्या नौका बुडालेल्या आहेत. त्यांतील बर्विन ही फ्रेंच ओढबोट १९१९ सालीं बुडालेली आहे. त्यांच्या आश्रयानें रंगीबेरंगी मासे राहतात, आणि त्याच पाण्यांत कासवेंहि येतात. १९९८ पासून बेटावर कासवें मारण्यास व त्यांचीं अंडीं नेण्यास पूर्ण बंदी आहे. कांचेचा मुखवटा घरून नेला तर भाड्याचे पैसे वांचतात. पोहतां येत नसेल त्यानें मात्र कांठावरच राहावें, अथवा माहितगार नावाड्याची होडी ठरवावी. कित्येक होड्यांवरून कासवांना मासे टाकतात. हिरव्या कासवाचें मोठेपणींचें मुख्य अन्न समुद्रांतील गवत आहे. आयत्या खाण्यानें त्याची होड्यांची भीति मोडते, आणि होडीचा पंखा तर त्याच्या जिवावर उठणारा. म्हणून जो नावाडी खाऊ घालीत नाहीं त्यालाच निवडावें. कासवाला स्पर्श करूं नये व त्याच्या वर जाऊन तरंगूं नये; श्वासासाठीं त्याला पृष्ठभागावर यावेंच लागतें.

ज्यांना माकडें पाहावयाचीं असतील त्यांच्यासाठीं उत्तरेस, सेंट पीटर परगण्यांत, बार्बाडोस वन्यजीव उद्यान आहे. हीं हिरवट केसांचीं माकडें सतराव्या शतकांत, गुलामांच्या व्यापाराच्या काळीं, पश्चिम आफ्रिकेंतून येथें आलीं. तीं दिवसा शेजारच्या रानांत हिंडतात व दुपारीं खाण्याच्या वेळीं परततात. अर्थात् ज्यांचें जहाज लवकर सुटतें त्यांना हें साधणार नाहीं. त्यांच्यासाठीं बेटाच्या मध्यभागीं वेल्शमन हॉल नांवाची घळ अधिक सोयीची. चुनखडीच्या गुहेचें छत कोसळून ती बनली आहे, आणि तेथेंहि माकडें येतात. दोन्हीं ठिकाणीं प्रवेशमूल्य आहे. परंतु सरकारी मोटारीचें भाडें अल्प आहे. २०१९ सालीं तें माणशीं साडेतीन बार्बाडोस डॉलर ठरलें, आणि असे दोन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर. पांच माणसांचें जाण्यायेण्याचें भाडें पस्तीस, म्हणजे अमेरिकन हिशेबानें साडेसतरा डॉलर. निळ्या सरकारी मोटारींत मोड परत मिळत नाहीं, म्हणून नेमके पैसे जवळ ठेवावेत. टॅक्सीला मीटर नसतो. आंत बसण्यापूर्वीं भाडें कोणत्या डॉलरांत तें विचारावें.

आणखी तीन सूचना. किनाऱ्यावर मॅंचिनील नांवाचें विषारी झाड असतें. त्याचें फळ लहान सफरचंदासारखें दिसतें. तें खाऊं नये, आणि पावसांत त्या झाडाखालीं उभें राहूं नये. लष्करी ठिपक्यांचे कपडे घालण्यास या बेटावर कायद्यानें बंदी आहे व ती मुलांनाहि लागू आहे. आणि जहाजाचें घड्याळ व बेटाचें घड्याळ एकच वेळ दाखवितें कीं नाहीं, हें उतरतांनाच पाहून, सुटण्याच्या निदान दीड तास आधीं धक्क्यावर परतावें.

आम्हीं कार्लाइल उपसागर निवडला. दोन तासांत एकच कासव दिसलें. पाण्याबाहेर अंगठ्याएवढें डोकें आलें, एक श्वास घेतला, आणि नाहींसें झालें. नातू तेवढ्यावर तृप्त झाला. त्यानंतर किनाऱ्यावर चहा घेत असतां एक साधासा तपकिरी पक्षी बेधडक टेबलावर उतरला आणि साखरेची पुडी चोंचीनें फोडूं लागला. तो बार्बाडोस बुलफिंच. या बेटाबाहेर जगांत तो कोठेंहि आढळत नाहीं. त्याला पाहण्याचा आकार तक्त्यावर नव्हता; साखरेची एक पुडी तेवढी गेली, आणि चहा मीं बिनसाखरेचा घेतला.