पट्टीवर न छापलेली कपात

दिवाळीच्या आगेमागे हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाची आवक वाढली की वणा नदीकाठचं हे गाव पुढचे काही महिने वाहनांच्या रांगांतच जगतं. लिलाव होतो, काटा होतो, जिनिंगमध्ये गाडी रिकामी होते आणि शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. वजन, भाव, हमाली, तोलाई असं सगळं तिच्यावर मांडलेलं असतं. जी कपात शेतकऱ्याला सर्वांत महाग पडते, तिचा मात्र पट्टीत रकाना नसतो. वर्धा जिल्ह्यातल्या कापसाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास बराचसा याच न छापलेल्या रकान्याचा आहे.

शेतकऱ्याला कर नाही, असं शहरात हमखास ऐकू येतं. कागदोपत्री ते खरंच आहे. शेतीचं उत्पन्न केंद्राच्या आयकरातून वगळलेलं आहे आणि शेतसारा आज नावापुरता उरला आहे. बाजार समितीची फी शेकड्याला रुपयाच्या आत-बाहेर, देखरेख खर्च शेकड्याला पाच पैसे, आणि तेही खरेदीदाराने भरायचे. क्विंटलला सात हजार भाव धरला तर फी होते सत्तर रुपयांच्या आसपास. कापसावरचा पाच टक्के जीएसटीही नोव्हेंबर 2017 पासून उलट्या पद्धतीने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याकडून वसूल होतो. पण बोली लावणारा हे सगळे खर्च मनात वजा करूनच आकडा उच्चारतो, हे यार्डातल्या कुठल्याही अडत्याला ठाऊक आहे.

खरी गंमत खरेदीच्या बाजूला आहे. रासायनिक खतावर पाच टक्के जीएसटी, कीटकनाशकांवर अठरा टक्के. दुकानदार किंवा कारखानदार मालावर भरलेला कर पुढच्या करातून वळता करून घेतो. शेतकऱ्याची जीएसटीत नोंदणीच नसते, त्यामुळे वळतं करून घेणार कुठून? बोंडअळीवरच्या फवारणीची बाटली घेताना भरलेला कर त्याच्याच माथी राहतो. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टर आणि ठिबक संचावरचा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला, जैविक कीटकनाशकांवरचाही उतरला. रासायनिक कीटकनाशकांचा अठराचा आकडा मात्र हलला नाही.

तरीही ही मोजता येणारी रक्कम आहे. वर्ध्यातल्या कापूसवाल्याच्या रागाचं मूळ शोधायचं तर मागं जावं लागतं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने 1861 ते 1865 या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाड-वर्ध्याकडे वळली. हिंगणघाटचा कापूस गावाच्याच नावाने ओळखला जाई. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पुढे हिंगणघाट आणि पुलगावला कापडगिरण्या उभ्या राहिल्या. माल वाढला तसे तो लुबाडणारेही वाढले. कडता, धर्मादा, नमुन्याचा कापूस अशा नाना नावांनी व्यापारी गाडीतून मूठमूठ काढत. याला आळा घालायला शेजारच्या वऱ्हाडात 1897 साली कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातल्या बाजार नियमनाची ही सुरुवात मानली जाते. वर्धा त्या वेळी मध्य प्रांतात होतं, तिथं कापूस बाजाराचा कायदा 1932 मध्ये आला. सरकार बाजारात शिरलं ते शेतकऱ्याचा कैवारी म्हणून, आणि त्या वेळी ते खोटंही नव्हतं. गोची पुढे झाली, जेव्हा कैवारी स्वतःच व्यापारी झाला.

महाराष्ट्र विधिमंडळाने 1971 मध्ये कच्च्या कापसाच्या खरेदी, प्रक्रिया आणि विक्रीचा कायदा केला आणि 1972-73 च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. राज्यात पिकलेला कापूस फक्त सरकारने नेमलेल्या यंत्रणेलाच विकायचा, खासगी व्यापार बंद. कल्पना कागदावर सुरेख होती: दलाल हटतील, सरकार कापसाची सरकी काढून गाठी विकेल, नफा झाला तर तो शेतकऱ्याला परत मिळेल. आधी राज्य सहकारी पणन महासंघाने आणि 1984 पासून कापूस उत्पादकांच्या वेगळ्या पणन महासंघाने हे काम पाहिलं.

प्रत्यक्षात शेतकऱ्याची गाठ पडली ती ग्रेडरशी. बंडीतला कापूस कोणत्या प्रतीचा हे तो ठरवणार, आणि त्याच्यापुढे बोली लावणारा दुसरा कोणी नाही. व्यापाऱ्याने भाव पाडला तर शेजारच्या व्यापाऱ्याकडे बंडी वळवता येई. इथं वळवायची कुठे? केंद्रावर दिवसदिवस रांगा लागत. माल घातला तरी पैसे एकरकमी मिळत नसत. आधी हमी किमतीचा चुकारा, मग जमल्यास जादा किंमत, हिशेब पुरा झाल्यावर अंतिम किंमत. त्यातून भांडवल निधीसाठी तीन टक्के कपात, आणि चांगल्या वर्षी वाढाव्यातला हिस्सा भावातल्या चढउतारासाठीच्या निधीत. सोसायटीचं पीककर्ज तर परस्पर वळतं होई. कापूस सरकारकडे, पैसेही सरकारकडे, आणि लग्न, दवाखाना, रब्बीचं बियाणं मात्र शेतकऱ्याच्या दारात.

माणूस मग वाट काढतोच. मध्य प्रदेशात भाव जास्त असला की रात्री कापूस पांढुर्ण्याकडे निघे, दक्षिणेकडचा आदिलाबादकडे. स्वतःच्या शेतातलं स्वतः वेचलेलं बोंड शेजारच्या राज्यात विकणं हा गुन्हा ठरला होता. सीमेवर नाके बसले, आणि नाका आला की नाक्यावरचा हिशेबही आला. उलटंही घडे, आणि योजनेचे टीकाकार ते सांगायचं सहसा विसरतात: ज्या वर्षी महासंघाची किंमत बाजाराहून चढी असे, त्या वर्षी शेजारच्या राज्यांतला कापूस महाराष्ट्रात घुसे आणि इथल्या सातबाऱ्यावर खपवला जाई. काही हंगामांत योजनेने शेतकऱ्याला खरोखर हात दिला. म्हणूनच ती बंद होऊ नये असं म्हणणारेही विदर्भात कमी नव्हते.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी मात्र दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारत: कापूस कुणाचा? बर्नमधली संयुक्त राष्ट्रांशी संलग्न टपाल संस्थेतली नोकरी सोडून परतलेल्या या माणसाने चाकणच्या कांद्यापासून सुरुवात केली आणि ऐंशीच्या दशकात विदर्भातला कापूस आपल्या आंदोलनाच्या मध्यावर आणला. त्यांचा मुद्दा नुसता भाववाढीचा नव्हता. निर्यातबंदी, राज्यबंदी, झोनबंदी, लेव्ही हे सगळे कर आहेत, फक्त त्यांना कर म्हणत नाहीत, असं ते हिशेब मांडून सांगत. जागतिक बाजारात जो भाव मिळाला असता आणि सरकारी बंधनांमुळे जो मिळाला, त्यातला फरक म्हणजे शेतकऱ्याने भरलेला कर. सबसिडी त्यातून वजा केली तरी खातं उणेच राहतं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा याच गणितातून आली. डिसेंबर 1986 मध्ये कापूस आंदोलनात हिंगोलीजवळ सुरेगावला पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी ठार झाले. 1990 मध्ये सरोज काशीकर, वामनराव चटप, मोरेश्वर टेमुर्डे असे संघटनेचे विदर्भातले कार्यकर्ते आमदार होऊन विधानसभेत गेले. कापसाचं भांडण रस्त्यावरून सभागृहात पोचलं, पण एकाधिकार आणखी दहा-बारा वर्षं टिकला.

जोशींचं गणित त्या काळी अनेकांना अतिशयोक्त वाटलं. 2018 मध्ये आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना आणि दिल्लीची इक्रिअर ही संशोधन संस्था यांनी भारतीय शेतीधोरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. खतं, वीज, पाणी यांवरची सगळी मदत धरूनही 2000 पासूनच्या दीड दशकात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे चौदा टक्के निघाला. शंभर रुपयांच्या मिळकतीमागे चौदा रुपये धोरणांनीच काढून घेतले, असा त्याचा साधा अर्थ.

अशी चिकित्सा करणारी माणसं वर्ध्याला पूर्वीही होती. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम उभारणारे जे. सी. कुमारप्पा मुळात हिशेबतपासनीस. सार्वजनिक वित्त हा त्यांचा अभ्यासविषय, आणि ब्रिटिशांची करव्यवस्था भारतीयांना कशी गरीब करते यावरची त्यांची लेखमाला गांधींनी 1929-30 मध्ये ‘यंग इंडिया’त छापली होती. खुद्द गांधींनी 1947 च्या अखेरीस धान्य आणि कापडावरची नियंत्रणं उठवा म्हणून दिल्लीच्या प्रार्थनासभांतून लावून धरलं. सरकारने डिसेंबरापासून ती सैल केली. भाव भडकले आणि 1948 मध्ये नियंत्रणं परत आली. हा प्रसंग नियंत्रणवादी आणि त्यांचे विरोधक, दोघेही आपापल्या सोयीने सांगतात. सेवाग्रामला येणाऱ्यांना चरखा दाखवला जातो, गांधींचा हा पैलू क्वचितच कोणी सांगतं. त्यांच्या नावाखातर वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आली, नियंत्रणांविषयीचा त्यांचा संशय मात्र जिल्ह्याच्या वाट्याला आला नाही.

एकाधिकार योजना अखेर आंदोलनाने कोसळली नाही, ती तोट्याने कोसळली. साचलेला तोटा हजारो कोटींवर गेला आणि 2002 च्या सुमारास खासगी खरेदी खुली झाली. मक्तेदारी संपली, महासंघाची खरेदी उरली, आणि भाव हा निवडणुकीचा विषय झाला. 2004 च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेस आघाडीने क्विंटलला 2,700 रुपयांचं आश्वासन दिलं. त्या हंगामात 2,500 मिळाले, आणि पुढच्या वर्षी हमीभावावरचा आगाऊ बोनस बंद होऊन भाव दोन हजारांच्या खाली घसरला. जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत वर्धा होतं.

दार मोकळं झालं तरी कडी सरकारच्या हातात राहिली. जगात कापूस तेजीत असताना एप्रिल 2010 मध्ये केंद्राने निर्यातीची नोंदणी थांबवली. पुढच्या हंगामात निर्यात 55 लाख गाठींवर अडवली. 5 मार्च 2012 रोजी तर एका आदेशाने निर्यातच बंद केली. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांनीच आपल्याला विचारलं नाही म्हणून जाहीर नाराजी व्यक्त केली आणि आठवड्याभरात सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं. कृषिमंत्र्याला जे आधी कळलं नाही, ते आर्वीच्या किंवा समुद्रपूरच्या कापूसवाल्याला कळणार कसं? पऱ्हाटी जूनमध्ये लावायची, आणि जिच्यावर तिचा भाव ठरतो ती अधिसूचना बोंडं फुटल्यावर निघते.

2025 मध्ये तसंच झालं. परदेशी कापसावर 2021 पासून अकरा टक्के आयातशुल्क होतं. अमेरिकेने भारतीय मालावर जबर शुल्क लावल्यावर कापडउद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने 19 ऑगस्टपासून ते माफ केलं. आधी मुदत 30 सप्टेंबर होती, मग ती 31 डिसेंबरपर्यंत गेली, म्हणजे नेमका पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा काळ. गिरण्यांची अडचण खरी होती. पण त्या दिलाशाचं बिल लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये हमीभाव असूनही त्याच्या खाली बाजारात विकणाऱ्याच्या नावावर चढलं. शुल्क घटवलं म्हणजे सरकारने कर कमी केला, असं वर्तमानपत्रात छापून आलं. कापूस पिकवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ती वसुली होती.

यावर सरकारचं उत्तर ठरलेलं असतं: हमीभावाने घ्यायला भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, आहे. तिथं विकायला त्या हंगामापासून ‘कपास किसान’ ॲपवर आधार, सातबारा आणि पेऱ्याची नोंद करावी लागते, माल कधी आणायचा त्याचा दिवस घ्यावा लागतो. पूर्ण भाव आठ टक्के ओलाव्यापर्यंतच, पुढे प्रत्येक टक्क्याला कपात, आणि बाराच्या वर माल परत. परतीचा पाऊस पडलेल्या वर्षी पहिल्या वेच्याचा कापूस बाराच्या आत आणणं म्हणजे घरात, ओसरीवर, छतावर जिथं जमेल तिथं वाळत घालत बसणं. तोवर उधारीवाले थांबत नाहीत. म्हणून अडलेला माणूस खेडा खरेदीवाल्याला कापूस देतो, भाव कमी असला तरी. ठोक्याने किंवा बटईने शेती करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. राबतो तो, पण सातबारा मालकाच्या नावावर, मालक नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याला, आणि नोंदणीचा ओटीपी जातो त्याच्या मोबाइलवर.