कंपनी बुडते तेव्हा (लेखांक ५) : रुपयातले किती पैसे परत येतात?

अर्ज दाखल झाल्यापासून धनकोंची समिती बसेपर्यंत काय घडते, ते गेल्या आठवड्यात पाहिले. आता मुद्द्याचा प्रश्न : २०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेमुळे बुडीत कर्ज वसूल किती होते?

मार्च २०२५ अखेरपर्यंत सुमारे १,२०० कंपन्यांचे पुनरुज्जीवन आराखडे मंजूर झाले. त्यांत धनकोंच्या पदरात मान्य दाव्यांच्या जेमतेम एक तृतीयांश रक्कम पडली. बँकांनी दोन तृतीयांश पैशांवर पाणी सोडले, अशी ओरड यावर होते आणि ती समजण्यासारखी आहे. पण याच कंपन्या मोडीत काढल्या असत्या तर जे हाती आले असते, त्याच्या ही रक्कम सुमारे पावणेदोन पट भरते. म्हणून मी टक्क्यांआधी एक गोष्ट पाहतो : न्यायाधिकरणात आली तेव्हा कंपनीत विकण्याजोगे काय उरले होते?

हझिऱ्याची एस्सार स्टील घ्या. कारखाना चालू होता, पोलाद निघत होते. बँकांचा दावा ४९ हजार कोटींच्या वर होता आणि आर्सेलरमित्तलने ४२ हजार कोटी मोजले. उलट आपल्या छत्रपती संभाजीनगरात वाढलेली व्हिडिओकॉन. जून २०२१मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने आराखडा मंजूर केला, तेव्हा सुमारे ६५ हजार कोटींच्या मान्य दाव्यांपोटी मिळणार होते तीन हजार कोटींहून कमी. देकार जवळपास फुकटात घेतल्यासारखा आहे, हे मंजुरी देताना न्यायाधिकरणानेच नोंदवले. जानेवारी २०२२मध्ये अपिलात तो आदेश रद्द झाला.

एस्सारलाही दोन वर्षांहून अधिक काळ लागला. कायद्याची मुदत तेव्हा २७० दिवसांची होती. २०१९मध्ये ती ३३० केली, तरी तीही सर्रास ओलांडली जाते. माझ्या मते वसुलीची सर्वांत मोठी गळती इथेच आहे. यंत्रे गंजतात, कसबी माणसे निघून जातात, गिऱ्हाईक दुसरीकडे वळते, आणि बोली लावणारा हे सगळे किमतीतून वजा करतो.

या कायद्याचे खरे बळ मात्र मंजूर आराखड्यांच्या आकड्यांत दिसत नाही. कलम २९-अ मुळे कंपनी बुडवणाऱ्या प्रवर्तकाला सहसा तीच कंपनी स्वस्तात परत घेता येत नाही. मालकी जाण्याच्या या धाकाने बरेच जण आधीच तडजोडीला येतात. डिसेंबर २०२४पर्यंत ३० हजारांहून अधिक अर्ज दाखल करून घेण्यापूर्वीच मागे घेतले गेले. त्यांतली थकबाकी १३ लाख ७८ हजार कोटींची होती. ही सगळी रक्कम वसूल झाली असे नव्हे, पण जुन्या व्यवस्थेत असा धाक नव्हताच.

सुटे भाग, पुठ्ठ्याचे खोके, वाहतूक पुरवणाऱ्या छोट्या उद्योजकाला मात्र या धाकाचा उपयोग थोडाच. मार्च २०२०पासून एक कोटीच्या आतल्या थकबाकीसाठी त्याला अर्जच करता येत नाही. समितीत सहसा त्याला मत नसते, आणि कंपनी मोडीत निघाल्यास जे मिळाले असते तेवढीच किमान हमी असते. वाटपाच्या रांगेत तो इतका मागे, की ही हमी अनेकदा शून्यावर येते. व्हिडिओकॉनच्या आराखड्यात पुरवठादारांच्या वाट्याला एक टक्काही येत नव्हता. त्यांना किमान ठरावीक टक्के देण्याची तरतूद कायद्यातच हवी, असे मला ठामपणे वाटते.

तोवर एवढे करा : देणेकरी कंपनीविरुद्ध प्रक्रिया सुरू झाल्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. तिच्यातली मुदत पाहून बिले, चलने आणि बँकेचा उतारा जोडून ‘फॉर्म बी’ ताबडतोब भरा. छोट्या उद्योगांसाठीच्या ‘प्री-पॅक’ प्रक्रियेबद्दल पुढच्या आठवड्यात.