तीन कारणें आणि एक सरासरी

नत्रयुक्त खत घातल्यानें गव्हाचें उत्पन्न वाढतें काय, हा प्रश्न दिसावयास सरळ आहे. परंतु शेताला पाणी आहे कीं नाहीं, आणि बीं दाट पेरलें कीं विरळ, हें विचारल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं. एकाच फळाला तीन कारणें मिळून जबाबदार असलीं म्हणजे प्रत्येकाचा वांटा कसा ठरवावा, हा संख्याशास्त्रांतील एक नाजूक पेंच आहे.

इंग्लंडांत हर्टफर्डशायर परगण्यांतील रॉथॅमस्टेड येथें १८४३ पासून खतांचे प्रयोग चालत आले आहेत. रोनाल्ड फिशर हे गणिती १९१९ सालीं तेथें रुजू झाले. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व बाकीच्या स्थिर ठेवाव्या, असा त्या काळचा दंडक होता. १९२६ सालच्या एका लेखांत फिशर यांनीं तो मोडीत काढला. अनेक कारणें एकदम बदलून निसर्गाला एक सुसंगत प्रश्नावलीच घालावी, असें त्यांचें म्हणणें पडलें. त्यांचे सहकारी फ्रँक येट्स यांनीं १९३७ सालीं या पद्धतीचें सविस्तर विवेचन प्रसिद्ध केलें. भारतांतील कृषिसंशोधकांच्या हातीं ही विद्या सुलभ रूपानें आली ती पानसे व सुखात्मे यांच्या १९५४ सालच्या इंग्रजी ग्रंथानें. त्यांपैकीं पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यांतले.

पाणी, खत व पेरणी यांच्या दोन दोन अवस्था घेतल्या म्हणजे आठ जोडण्या होतात. प्रत्येक जोडणी अनेक वाफ्यांत, आणि कोणता वाफा कोणाला हें चिठ्ठ्या टाकून ठरवून, करून पाहतात. मग वाफ्यावाफ्यांतील चढउताराचे भाग पाडून कोणत्या कारणाचा किती, कारणांच्या संगतीचा किती व निव्वळ योगायोगाचा किती, हें काढतात. या रीतीस प्रचरणाचें पृथक्करण म्हणतात.

स्पष्टीकरणापुरते कांहीं कल्पित आकडे घ्यावे. बागाईत शेतांत विरळ पेरणी असतां खतानें हेक्टरी ४ क्विंटल वाढ झाली, दाट पेरणी असतां १०. कोरडवाहू शेतांत विरळ पेरणीला २ क्विंटल वाढ मिळाली. दाट पेरणींत मात्र उलट ४ क्विंटलांची घट आली. हें घडणें अशक्य नव्हे. दाट पीक खताच्या जोरावर आरंभीं फोफावतें, जमिनींतील ओल लौकर संपवतें, आणि दाणा भरावयाच्या वेळीं तहानलेलें राहतें.

या चार आकड्यांची सरासरी ३. हा खताचा प्रधान परिणाम. पण ज्याला नेमकी ३ क्विंटल वाढ मिळाली असा गट चारांत एकही नाहीं! इतर दोन कारणें एकेका अवस्थेंत पक्कीं धरून मिळालेले चार निरनिराळे आकडे, ते खताचे साधे परिणाम होत.

खरी फसगत पुढें आहे. पाण्याचा विचार सोडून केवळ पेरणीनुसार सरासरी काढली, तर विरळ पेरणींत ३ आणि दाट पेरणींतहि ३ च येतात. दोन कारणांचा तक्ता पाहणारा म्हणेल, खताचा व पेरणीचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. वस्तुतः दाट पेरणी बागाईतांत खताच्या लाभांत ६ ची भर घालते व कोरडवाहूंत ६ च हिरावून घेते. बेरजेंत दोन्ही एकमेकांस खाऊन टाकतात. यालाच तिहेरी आंतरक्रिया म्हणतात. म्हणून वाचन वरून खालीं करावें: प्रथम तिहेरी आंतरक्रिया, ती ठळक असेल तर साधे परिणाम, आणि मगच सरासरी.

साधे परिणाम वाचतांनाहि सामान्यतः एक चूक होते, व ती शिकलेल्यांकडूनच अधिक होते. समजा, प्रत्येक साध्या परिणामाची प्रमाण-त्रुटि १.८ आहे. परिणाम त्रुटीच्या सुमारें दुपटीहून मोठा असला तर तो योगायोग मानीत नाहींत. विरळ पेरणींत बागाईताचे ४ या कसोटीला उतरतात, कोरडवाहूचे २ उतरत नाहींत. तेवढ्यावरून ‘विरळ पेरणीला खत बागाईतांत लागू पडतें, कोरडवाहूंत पडत नाहीं’ असें लिहून मोकळें होणें सर्वस्वीं गैर. दोहोंतील फरक २ चा, आणि फरकाची त्रुटि मात्र वाढून सुमारें २.५ होते. फरक सिद्धच झालेला नाहीं. एक परीक्षेंत उत्तीर्ण व दुसरा अनुत्तीर्ण, एवढ्यावरून दोघांच्या गुणांत मोठें अंतर ठरत नाहीं, तशांतलीच ही गोष्ट.

तीन कारणांचे प्रत्येकीं चार असे एकंदर बारा साधे परिणाम निघतात. वीसांत एकदां फसण्याची मुभा ठेवून बाराहि तपासले, तर एखादा खोटा होकार मिळण्याचा संभव बराच वाढतो. यास्तव कोणते प्रश्न विचारावयाचे तें पेरणीपूर्वींच लिहून ठेवतात. त्रुटीचा अंदाजहि त्या कोपऱ्यांतील मोजक्या वाफ्यांवरून न काढतां, सर्वत्र विखुरणें सारखें असल्यास, आठही जोडण्यांतून एकत्र काढणें बरें.

आतां कोरडवाहू दाट पेरणीचे उणे ४. हा आकडा कसोटीला उतरतो. पण त्याच त्रुटीनें पाहतां खरी हानि ४० किलोंपासून साडेसात क्विंटलांपर्यंत कितीहि असूं शकेल. कोरडवाहू शेतकऱ्यास सल्ला देणाऱ्यानें सरासरीचे ३ सांगूं नयेत, आणि हे ४ सांगतांना त्यांच्या दोन्ही सीमाहि सांगाव्या.