पोटखराब्यांतील टांचणी

सात-बाराच्या उताऱ्यावर 'पोटखराबा' म्हणून एक सदर असतें, तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. खडक, ओहोळ, दलदल, जें जें लागवडीच्या उपयोगाचें नाहीं तें सारें त्यांत पडतें. क्षेत्र आहे पण पीक नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. प्रस्तुत लेखकाचें बहुतेक आयुष्य महसुली कचेरींत असे उतारे लिहिण्यांत गेलें. परंतु या शब्दाचा खरेपणा एकदां शेतावर जाऊन तपासावा, असें त्यास कधीं वाटलें नाहीं. तो प्रसंग एका काडीएवढ्या किड्यानें आणला. त्याचीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

भाताच्या खांचरांवर पावसाळ्यांत लांब शेपटीचे जे किडे घिरट्या घालतात, त्यांस आपण सरसकट चतुर म्हणतों. वस्तुतः त्यांत दोन निराळे वर्ग आहेत. अंगानें जाड व बसतांना पंख दोहों बाजूंस पसरून ठेवणारा तो चतुर. अंगानें बारीक, डोक्याच्या दोन टोंकांस दोन सुटे डोळे असलेली व बसतांना बहुधा पंख पाठीवर मिटून घेणारी ती टांचणी. चतुर उंच व दूरवर जातो. टांचणी गवताच्या पात्यांमधून, पाण्यापासून हात-दोन हात उंचीवरून उडते, आणि टांचणीच्या पुष्कळ जाती ज्या पाण्यांत जन्मतात त्याच्या आसपासच आयुष्य काढतात. हा शेवटचा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

टांचणीचा जन्मक्रम मोठा पाहण्यासारखा आहे. मादी शेपटीजवळच्या धारदार अवयवानें पाणवनस्पतीच्या देठास किंवा पानास चीर पाडते व तींत अंडें ठेवते. त्या वेळीं नरानें आपल्या शेपटीच्या चिमट्यानें तिची मान धरलेली असते. पिवळ्या टांचणीचा नर तर तिच्या मानेवर काठी रोवल्यासारखा ताठ उभा राहतो. अंड्यांतून निघालेलें पिलूं पाण्यांतच वाढतें. त्याच्या शेपटास पानांच्या आकाराचे तीन कल्ले असतात. खालचा ओंठ लांब, घडी घातलेला व टोंकाशीं आंकड्यांचा असतो. डांसाची अळी जवळ येतांच तो ओंठ झटक्यानें पुढें येतो आणि अळी तोंडांत जाते. दहाच्या आसपास वेळां कात टाकल्यावर पिलूं गवताच्या काडीवर चढतें, त्याची पाठ उलते, आणि पंख फुटलेली टांचणी बाहेर येते. फुलपांखराप्रमाणें हिला कोशाची अवस्था नाहीं.

यावरून दिसून येईल कीं, टांचणीस दोन गोष्टी एकाच जागीं लागतात : पुरेसे दिवस टिकणारें पाणी, आणि त्यांत उभें असलेलें गवत-लव्हाळें. पाणी आहे पण कांठ खरवडून साफ केलेला असेल, तर अंडीं ठेवावयास देठ नाहीं. गवत आहे पण पाणी लौकर आटलें, तर पिलूं मरतें. या दोन्ही गोष्टी एकत्र मिळण्याचें ठिकाण म्हणजे आपल्या उताऱ्यांतील पोटखराबा.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. हिंदुस्थानांतील चतुर व टांचण्या यांचा मोठा नोंदग्रंथ फ्रेझर या लष्करी डॉक्टरानें लिहिला. त्याचे तीन खंड १९३३, १९३४ व १९३६ या सालीं प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथांत नसलेली एक टांचणी आपल्या कोंकणांतच राहत होती. शंतनू जोशी व दत्तप्रसाद सावंत या अभ्यासकांनीं सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील नमुन्यांवरून २०१९ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें व तिला 'सेरिअ‍ॅग्रिऑन क्रोमोथोरॅक्स' असें शास्त्रीय नांव दिलें. तिच्या इंग्रजी नांवांत तर 'सिंधुदुर्ग' आणि 'दलदल' हे दोन्ही शब्द आले आहेत. गांवाचा पत्ता आणि घराचा पत्ता, दोन्ही एकाच नांवांत!

हिची एक भावकी सर्वत्र आढळते. तिचें पोट पिवळें व उराचा भाग शेवाळी हिरवट असतो. विहिरी, तळीं, भातखांचरें कोठेंही ती दिसते, आणि फॅब्रिशियस या शास्त्रज्ञानें १७९८ सालींच तिला नांव दिलें होतें. सिंधुदुर्गाच्या टांचणीचा उराचा भागही पिवळा असतो. एकीची नोंद झाली आणि दुसरीला आणखी २२१ वर्षें थांबावें लागलें, याचें कारण माझ्या मतें सरळ आहे. पिवळी टांचणी दिसली कीं 'ही आपली नेहमींचीच' म्हणून नजर पुढें जाते; आणि दलदलींत गुडघाभर चिखल तुडवीत किडे पाहावयास जातो कोण?

शेतकऱ्यास याचें काय, असा प्रश्न येणारच. उत्तर असें कीं, टांचण्या शिकारी आहेत. भाताच्या चुडांत फिरणाऱ्या लहान टांचण्या तुडतुडे पकडून खातात. एकटी टांचणी पीक वांचवील असें मी म्हणत नाहीं; कोळी, ढेकणांच्या कांहीं जाती, बेडूक यांच्या फौजेंतील ती एक शिपाई आहे. ही फौज मारली म्हणजे काय होतें, हें परदेशांत दिसून आलें आहे. इंडोनेशियांत तपकिरी तुडतुड्यानें भाताचा नाश मांडला, तेव्हां फवारणीनें भक्षक मरून तुडतुडे उलट वाढतात असें आढळलें, व १९८६ सालीं तेथील सरकारनें ५७ कीटकनाशकें भातावर वापरण्यास मनाई केली. जपानांत १९९० नंतर भातखांचरांतला लाल चतुर झपाट्यानें कमी झाला. रोपांना दिल्या जाणाऱ्या फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड या औषधांकडे तेथील अभ्यासक बोट दाखवितात.

आतां घरची गोष्ट. माझ्या खांचरांच्या वरच्या अंगास सहा गुंठे दलदल आहे. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं एकदां सुचविलें, "अण्णा, चार डंपर माती टाका. पांच-पन्नास पोफळी सहज होतील." मला तें पटलें व मीं डंपरवाल्यास बोलावणेंही धाडलें. तो येण्यापूर्वीं हद्दीचे दगड पाहावे म्हणून मी सकाळीं तेथें गेलों. ऊन नुकतेंच लव्हाळ्यावर आलें होतें, आणि पात्यापात्यावर पिवळ्या टांचण्या बसल्या होत्या. ती दुर्मिळ जात हीच, असें मी छातीठोकपणें सांगत नाहीं. नराच्या शेपटीच्या टोंकाचे अवयव भिंगाखालीं पाहिल्यावांचून तसें बोलणें म्हणजे मोजणी न करितां हद्द ठरविण्यासारखें आहे. परंतु तेथें उभा असतां दुसरी एक गोष्ट आठवली. पलीकडच्या वाडींत तीन वर्षांपूर्वीं असाच एक तुकडा भरला गेला, आणि त्याखालच्या वायंगणाचें पाणी माघांतच तुटूं लागलें. ज्यास आम्हीं खराबा लिहिला, तोच खालच्या शेताची ओल सांभाळीत होता.

डंपर मीं परत पाठविला. पोफळींचें उत्पन्न बुडालें हें खरें, आणि घरांत त्यावरून अद्यापि बोलणें होतें. परंतु वायंगण उभें आहे.

ज्यांच्या शेताजवळ असा तुकडा असेल त्यांना विनंति येणेंप्रमाणें. भराव टाकण्यापूर्वीं त्याचें पाणी कोठें जातें तें एक उन्हाळाभर पाहावें. पाट साफ करितांना एका वर्षीं एकच कांठ काढावा. दुसऱ्या कांठावरील लव्हाळें राहूं द्यावें. दलदलीच्या कडेच्या चार-सहा ओळींवर औषध फवारूं नये. डांस मारण्यासाठीं तेथें गप्पी मासे सोडूं नयेत. कारण ते अळीबरोबर टांचणीचीं पिलेंही खातात.

टांचणी लांब जात नाहीं, हें आरंभीं सांगितलेंच आहे. एक दलदल बुजली कीं तेथील टांचण्यांस दुसरी शोधून काढणें कठीण. रानांतील वाघासाठीं सरकार राखीव जंगल ठेवितें. या टांचणीचें जंगल मात्र तुमच्या-आमच्या खात्यावर आहे, आणि त्याचा राखणदार खातेदारच. उताऱ्यावर तें सदर पूर्वींच्याच नांवानें राहील. आपण मात्र पुढच्या पावसाळ्यांत एका सकाळीं तेथवर जाऊन यावें.