नाच थांबला, पण कापड थांबलं का?

पडद्यामागची शिलाई : लेखांक ५

गोल बाजारातला कापडवाला तागा दाखवतो तेव्हा नकळत एक प्रयोगच करून दाखवतो. तागा गादीवर आपटायचा, मनगटाला झटका द्यायचा, की तीन-चार मीटर कापड हवेत लहरत गिऱ्हाइकाच्या गुडघ्याशी येऊन पडतं. "देखिए दीदी, क्या फॉल है!" बहुतेकजणी ती लहर बघून हरखतात. मी बघते ते कापड पडल्यानंतरचं. ते पडलं तसं बसलं की पुन्हा फुगलं? घडी धरून राहिलं की घरंगळत गादीखाली गेलं? नाचाच्या पोशाखाचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

गेल्या आठवड्यात आपण मापं घेतली. आज कापड घेऊ. घाऊक तागे हवे असतील तर रायपुरात पंडरीचं कापड मार्केट आहे. पण पोशाख उभा करायचा तर माझे पाय मालवीय रोडवरून गोल बाजाराकडेच वळतात. कापड, लेस, गोटा, बांगड्या, गंगावन असं सगळं त्या गल्ल्यांत चालता चालता मिळतं. भाद्रपद जवळ आला की तात्यापारा आणि चौबे कॉलनीतल्या मराठी घरांतून लावणीच्या नऊवाऱ्यांची विचारणा सुरू होते. शाळांना सुवा नाच हवा असतो, कथकच्या परीक्षांना अनारकली. एकाच दुकानात, एकाच सकाळी तीन नाचांचं कापड घ्यायचं असतं आणि तिघींच्या आया एकच प्रश्न विचारतात : "कोणता रंग उठून दिसेल?"

रंगाचं नंतर बघू. आधी विचारायचं ते हे : नाच थांबतो तेव्हा हे कापड कसं थांबेल?

कथकपासून सुरुवात करू. छत्तीसगढात कथक उपरा नाही. रायगढचे राजा चक्रधर सिंह (1905–1947) यांच्या आश्रयाने इथे कथकची स्वतःची परंपरा वाढली. कथकमध्ये चक्करांची रांग लागते आणि समेवर सगळं एकदम स्थिर होतं. टाळी पडते ती त्या स्थिर होण्याला. आता हिशोब मांडा. कंबर 28 इंच आणि कंबरेखालची लांबी 38 इंच असेल, तर पूर्ण गोल घेराची खालची कड भरते सुमारे 267 इंच, म्हणजे पावणेसात मीटर. 44 इंच पन्ह्याचं कापड असेल तर दोन अर्धगोल कापायला साडेचार मीटर पुरतं. 36 इंच पन्ह्यात तो अर्धगोल बसतच नाही. तिथे कळ्याच जोडाव्या लागतात. म्हणून दुकानात भावाच्याही आधी पन्हा विचारावा.

घेर उघडतो कशाने? जड कापड जास्त उघडतं की हलकं? हवा नसती तर दोन्ही सारखीच उघडली असती. कापड जितकं जड तितकं ते बाहेर फेकलं जातं, पण तितकंच खालीही ओढलं जातं, आणि हिशोब सुटतो. फरक पाडते ती हवा. हलकं शिफॉन हवेपुढे हार खातं : मागे रेंगाळतं, फडफडतं आणि नर्तकी थांबली की तिच्या पायांना गुंडाळतं. जड ब्रोकेड हवेला जुमानत नाही, पण थांबायलाही तयार नसतं. मुलगी समेवर उभी असते, घेर मात्र तिच्या कंबरेला ओढत पुढे निघालेला असतो. चांगलं कापड या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं : जरा भरीव जॉर्जेट, क्रेप, किंवा अस्तर लावलेलं मऊ सुती. कापड मनात भरलं पण हलकं वाटलं, तर तागा बदलू नका. खालच्या कडेला दीड-दोन इंचांचा गोट लावा. वजन कडेला गेलं की घेर उघडतोही आणि बसतोही.

गोल घेरात आणखी एक खोड असते. त्यात कापडाचे धागे काही ठिकाणी उभे-आडवे येतात, काही ठिकाणी उरेब. उरेब भाग स्वतःच्याच वजनाने ओघळतो. म्हणून घेर जोडून झाला की एक रात्र टांगून ठेवा आणि सकाळी खालची कड सारखी कापा. ही एक रात्र वाचवली की कार्यक्रमाच्या दिवशी घेर चार ठिकाणी लोंबलेला दिसतो.

कोशाचं काय, असं हमखास विचारलं जातं, कारण चांपा इथून लांब नाही आणि कोसा म्हणजे छत्तीसगढचा अभिमान. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांचं हे रेशीम. अंगचा रंग मधासारखा, हाताला किंचित करकरीत. घडी धरून ठेवण्यात त्याचा हात धरणारं कापड मिळणार नाही. बसून केलेल्या ठुमरीच्या भावाला, अंगरख्याला, ओढणीला ते उत्तम. चक्करांच्या मोठ्या घेराला मात्र मी ते घेत नाही. वळण्याऐवजी ते छत्रीसारखं ताठ उभं राहतं, आणि घामाचे डाग त्यावर कायमचे बसतात. भरतनाट्यमच्या पायांमधल्या निऱ्यांच्या पंख्याला हाच घडी धरण्याचा गुण लागतो. नर्तकी गुडघ्यांत बसली की पंखा उघडावा, उभी राहिली की आपोआप मिटावा. मिटला नाही तर समजा, कापडाला आपली घडी आठवत नाही.

लावणीचा प्रश्न उलटा. तिथे कापड उडायचं नसतं, धरायचं असतं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड अंगावर चापूनचोपून बसवायचं, कासोटा मागे खोचायचा आणि ठेक्यावर कंबर हलली तरी निरी जागची हलू द्यायची नाही. इथे गुळगुळीत सॅटिन हा वैरी. सुताला सूत धरतं, सॅटिनवरून सॅटिन घसरतं. म्हणून सुती अंगाची, रेशमी पदराची इरकल चेहऱ्याने साधी असली तरी नाचात विश्वासू. आता सर्रास शिवलेल्या नऊवाऱ्या घेतात. त्यांना खोचण्याची भीती नाही, पण बैठकीत शिवण उसवण्याची आहे. त्या घ्यायच्या तर दुकानात उभं राहून बघू नका. मुलीला खाली बसवा, एक पाय पुढे टाकायला सांगा आणि मांडीकडची शिवण ताणते का ते पाहा.

आता इथल्या मातीतले नाच. गुरू घासीदासांच्या जयंतीला, 18 डिसेंबरला, पंथी बघा. मांदर आणि झांजेची लय चढत जाते आणि नर्तक एकमेकांच्या मांड्यांवर, खांद्यांवर चढून मनोरा उभा करतात. अंगावर पांढरं सुती धोतर. शाळेच्या कार्यक्रमात 'चमक दिसावी' म्हणून त्याच पंथीला पांढरं सॅटिन शिवण्याचा मोह होतो. तो टाळा. ज्या मांडीवर दुसऱ्याचं पाऊल टेकायचं आहे, ती मांडी निसरडी करण्यासारखा वेडेपणा नाही. सुवा नाचात टोपलीतल्या मातीच्या राव्याभोवती फेर धरून बायका वाकतात, टाळ्या देतात, पुन्हा उभ्या राहतात. त्यांचं लुगडं सुती आणि थोडं आखूड असतं, त्यामागे असंच जुनं शहाणपण आहे : वाकताना पायात येऊ नये आणि उठताना चिकटू नये.

चिकटणं हे घामाचं काम. सुती धागा हवेतली ओल आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरतो, रेशीम अकरा टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. भाद्रपदात, मांडवातल्या दिव्यांखाली हा फरक पाचव्या मिनिटाला कळतो. पॉलिएस्टर घ्यावंच लागलं, कारण ते स्वस्त आहे आणि चुरगळत नाही, तर काखेला आणि पाठीला सुती अस्तर लावा. आणि सुती काहीही असो, अस्तरसुद्धा, कापण्याआधी पाण्यातून काढा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं, वरचं कापड नाही, आणि पोशाखाला सुरकुत्या पडतात.

माझी एक चूकही सांगते. एका वर्षी मुलींच्या समूहनृत्याला मी जाळीचं नेट घेतलं. दुकानात ढगासारखं दिसत होतं. पहिल्याच तालमीत एकीच्या घुंगरांनी जाळी पकडली, मुलगी गिरकीत होती, आणि दोन हात टेकून खाली आली. लागलं नाही. रात्री मी ते नेट उसवून ओढण्या केल्या. तेव्हापासून घुंगरांच्या उंचीपर्यंत जाळी येऊ द्यायची नाही, हा नियम.

जाळीच्याच कपड्याची एक फार वाईट गोष्ट पॅरिसच्या ऑपेरातली आहे. 15 नोव्हेंबर 1862 रोजी तालमीत एमा लिव्ही या तरुण बॅले नर्तकीच्या तलम झग्याने गॅसच्या दिव्यावर पेट घेतला. जुलै 1863 मध्ये ती गेली. आगीला दाद न देणारं, औषध लावलेलं कापड तेव्हा उपलब्ध होतं. ते ताठ आणि मळकट दिसतं म्हणून तिने नाकारलं होतं. आपल्याकडे मुली आजही ताटात पेटत्या पणत्या घेऊन नाचतात. सुती कापड झटकन पेटतं. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. यातलं सुरक्षित एकही नाही. पणत्या बॅटरीच्या घ्या.

आपण घेतलेलं कापड नक्की कशाचं, हे दुकानदाराच्या शब्दावर न ठेवता घरी तपासता येतं. कडेचे दोन धागे काढा, स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून पेटवा. जळक्या कागदाचा वास आणि मऊ राखाडी राख म्हणजे सूत किंवा व्हिस्कोज. जळक्या केसांचा वास आणि बोटांत चुरडणारा काळा मणी म्हणजे रेशीम. न फुटणारा टणक मणी आणि काळा धूर म्हणजे पॉलिएस्टर, मग लेबलावर 'सिल्क' लिहिलेलं असलं तरी.

आता रंग. आतल्या दुकानांत दिवसाही ट्यूब पेटलेली असते. तागा दारापर्यंत नेऊन उन्हात बघा, मग घरी पिवळ्या दिव्याखाली. गडद निळा पिवळ्या उजेडात काळवंडतो. सॅटिन दिव्याला आरशासारखं उत्तर देतं आणि हावभावांऐवजी पोट चमकतं. तांबडा, राणी, हळदी हे रंग सहसा दगा देत नाहीत.

शेवटी एकच विनंती. पूर्ण कापड फाडून घेण्याआधी त्याच ताग्यातलं एक मीटर विकत घ्या. घरी नेऊन मुलीच्या कंबरेला बांधा, तिला तिचाच तोडा करायला सांगा आणि समेवर थांबू द्या. तुम्ही फक्त कापडाकडे बघा. ते तिच्याबरोबर थांबलं, तर दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन उरलेलं घ्या. नाही थांबलं, तर त्या एका मीटरची उशीची खोळ होते. पंधरा मुलींसाठी घेतलेल्या सत्तर मीटरचं मात्र काहीच होत नाही.

(पुढील आठवड्यात : कळ्या किती आणि कशा कापायच्या?)